कसांड्रा विल्सन: ब्लूज, कंट्री, पॉप, रॉक... आणि तरीही जॅझच?

स्वरवेल्हाळ:
जॅझ गायिकेचं कसब ठरावीक जुन्या गाण्यांवरच पारखायचं, हा आग्रह मला पटत नाही. अमेरिकन जॅझ गायिका कसांड्रा विल्सनने १९९३ च्या 'ब्लू लाइट टिल डॉन' या अल्बममध्ये रॉबर्ट जॉन्सनचा ब्लूज आणि जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन या गायक-गीतकारांची गाणी एकत्र आणली आणि पियानोऐवजी गिटार, व्हायोलिन, तालवाद्यं पुढे घेतली. त्यानंतरच्या 'न्यू मून डॉटर'मध्ये तर मंकीज या पॉप बँडचं 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' आहे. १९६६ चं मूळ गाणं धावतं, उसळतं. त्यातला मुलगा मैत्रिणीला स्टेशनवर बोलावतोय आणि 'परत येईन की नाही कुणास ठाऊक' म्हणतोय, हे त्या वेगात निसटून जातं. गाण्याच्या दोन रचनाकारांपैकी बॉबी हार्टने पुढे सांगितलंही, की तो व्हिएतनामला निघालेला सैनिक आहे. कसांड्रा लय उतरवते, आवाज खाली ठेवते आणि ती ओळ एकदम अंगावर येते. हे जॅझ नाही तर काय?

लयकारी:
असहमत. हीच कसांड्रा १९८८ च्या 'ब्लू स्काइज'मध्ये ऐका. मलग्रू मिलरचा पियानो, लॉनी प्लॅक्सिकोचा बास, टेरी लिन कॅरिंग्टनचे ड्रम्स. त्यांच्यासोबत ती ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते, ओळ उशिरा सोडते आणि तरी बरोबर जागेवर पोचते. 'न्यू मून डॉटर'मध्ये साथच इतकी सैल की रेंगाळायचं कशाच्या मागे? कंट्री गायक हँक विल्यम्स असो, रॉक गायक नील यंग असो की यू-टू हा रॉक बँड, सगळ्यांना एकच औषध: लय कमी, आवाज खर्जात. वैविध्य गाण्यांच्या यादीत आहे, गाण्यात नाही. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचे कोल पोर्टर आणि ड्यूक एलिंग्टन या संगीतकारांच्या गाण्यांचे अल्बम ऐका, ती दोघांना वेगवेगळं गाते.

आरोही:
'न्यू मून डॉटर'मधल्या 'स्ट्रेंज फ्रूट'बद्दल कुणीच बोललं नाही. झुंडीने मारून झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९३९ मध्ये ते गायलं तेव्हा शब्द कोरडे ठेवले, फारशी सजावट केली नाही. कसांड्राचं देखणं आहे, आणि तो देखणेपणा मला तिथे सलतो. बाकी गाण्यांबाबत मात्र मी स्वरवेल्हाळ यांच्या बाजूने.

स्वरवेल्हाळ:
आरोही, कसांड्रा अशा झुंडहत्यांचा इतिहास असलेल्या मिसिसिपीत जन्मलेली बाई आहे आणि अल्बमची सुरुवातच या गाण्याने करते. म्हणजे नंतरची प्रेमगीतंही आपण ते कानात ठेवूनच ऐकतो. कोरडं गायली असती तर बिलीची नक्कल झाली असती. लयकारी, एलाच्या त्या दोन अल्बममध्ये बदलतं ते बरंचसं वाद्यसंयोजन. तिचा लख्ख आवाज दोन्हीकडे तोच, आणि ते कुणी दोष मानत नाही. मग कसांड्राच्या खर्जालाच वेगळी फूटपट्टी का?

लयकारी:
आवाज तोच असू दे, काम बदलायला हवं. एलिंग्टनच्या 'कॉटन टेल'मध्ये एला शब्द सोडून नुसत्या स्कॅटवर, म्हणजे अर्थहीन अक्षरांवर, खेळते, पोर्टरच्या गाण्यात एकेक शब्द स्पष्ट ठेवते. क्लार्क्सव्हिलपुरतं तुमचं बरोबर, तिथे मंद लयीने अर्थ उघडला. पण नील यंगचं 'हार्वेस्ट मून' मुळातच संथ आहे. ते आणखी संथ करून तिने त्यात नवं काय दाखवलं, ते सांगा.