मदत हवी आहे: एक कोटी सायकल पास झालेली स्प्रिंग सातव्या महिन्यात तुटली

नमस्कार मंडळी,

आमचा स्प्रिंगचा छोटा कारखाना आहे. कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हसाठी सिलिकॉन-क्रोम तारेच्या स्प्रिंगा देतो, शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक छर्र्यांचा मारा) केलेल्या. आमच्या मशीनवर एक कोटी सायकल (एकदा दाबून सोडणं म्हणजे एक सायकल) झाल्या की माल पास. कॉलेजात हेच शिकलो होतो: ताण एका मर्यादेच्या, म्हणजे एन्ड्युरन्स लिमिटच्या, खाली असेल तर पोलाद थकत नाही, एस-एन कर्व्ह (किती ताणाला किती सायकल टिकेल याचा आलेख) पुढे आडवा जातो.

आता ग्राहकाकडून तीन तुटलेल्या स्प्रिंगा आल्यात. कॉम्प्रेसर मिनिटाला 1500 फेऱ्यांनी चोवीस तास चालतो. म्हणजे दिवसाला 21 लाख 60 हजार सायकल, आमचा एक कोटी पाच दिवसांतच संपला! तुटेपर्यंत साधारण 43 कोटी झाल्या असाव्यात. पृष्ठभागावर ओरखडा नाही, गंज नाही. भिंगातून पाहिलं तर तुटलेल्या तोंडावर, कडेपासून थोडं आत, एक गोल चकचकीत ठिपका आणि त्याच्या मधोमध काळा बिंदू.

आमचं मशीन सेकंदाला 30 सायकल देतं. 43 कोटींना साडेपाच महिने लागतील. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद 1:

तो ठिपका म्हणजे 'फिश-आय', माशाचा डोळा. काळा बिंदू बहुधा इन्क्लुजन, पोलाद वितळवताना आत राहिलेला ऑक्साइडचा कण. पीनिंगने पृष्ठभागावर दाबाचा ताण बसतो, तिथे भेग सुरू व्हायला जागा मिळत नाही. मग ती आतला कमकुवत कण शोधते. तार जितकी कडक, तितका तिला असा कण जास्त बाधतो.

एक कोटी हा आकडा धातूने दिलेला नाही, चाचणी कुठेतरी थांबवायची म्हणून माणसांनी धरलेला आहे. फ्रेंच संशोधक क्लोद बाथियास यांनी 1999 मध्ये शोधनिबंधाच्या शीर्षकातच म्हटलं होतं की धातूंना अमर्याद फटीग आयुष्य (पुन्हा पुन्हा ताण सोसून थकेपर्यंतचं आयुष्य) नसतं. वाद झाले, पण उच्च-ताकदीच्या पोलादांत कोटींच्या पुढे तुटणं आता नवल राहिलेलं नाही.

अल्ट्रासॉनिक मशीन सेकंदाला 20,000 सायकल देतं, 100 कोटी साधारण 14 तासांत. मात्र त्यावर अख्खी स्प्रिंग बसत नाही. अनुनादाच्या (मशीनच्या कंपनाशी जुळून कंप पावण्याच्या) हिशेबाने नमुना घडवावा लागतो आणि तो तापतो, म्हणून थंड हवा मारत, मध्ये थांबत चालवतात. ती तुमच्या पोलादाची परीक्षा झाली, स्प्रिंगची नव्हे. त्याआधी एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) कण कशाचा आणि केवढा आहे ते बघा. मोठा निघाला तर तारवाल्याकडे अधिक स्वच्छ पोलाद मागायला पुरावा मिळेल.

आणि हो, तुटलेले तुकडे एकमेकांवर टेकवून 'बसतात का' बघू नका. तोंडं घासली की सगळं पुसलं जातं.

धागाकर्ता:

दोन स्प्रिंगांचे तुकडे कालच जोडून पाहिले होते, साहेब. तिसरी अजून पिशवीतच आहे, उद्या तीच घेऊन जातो.