मदत हवी आहे: स्कॉटलंडचं १९७९ चं सार्वमत, निबंधाची दिशा सापडत नाहीये

नमस्कार मंडळी, ब्रिटिश पॉलिटिक्सच्या पेपरला स्कॉटिश डिव्होल्यूशन (लंडनच्या पार्लमेंटकडून काही अधिकार स्कॉटलंडला देणं) घेतलंय आणि आता पुरती अडकलेय. १९७९ ला स्कॉटलंडमध्ये वेगळ्या असेंब्लीसाठी मतदान झालं, ५१.६ टक्के लोक हो म्हणाले, तरी असेंब्ली मिळाली नाही, कारण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट कायद्यात घातलेली आणि तो भरला जेमतेम ३३ टक्के. म्हणजे जो घरी बसला तो नाही म्हणाला असंच धरलं की! त्याच महिन्यात ब्रिटनचे पंतप्रधान कॅलहॅन यांचं सरकार पार्लमेंटमध्ये एका मताने पडलं आणि मग थॅचरबाई आल्या. १९९७ च्या दुसऱ्या सार्वमतात मात्र ७४ टक्के होकार, १९९९ ला स्कॉटलंडचं स्वतःचं पार्लमेंट सुरू पण झालं.

सर म्हणतात मधल्या १८ वर्षांत लोकांचं मत का बदललं ते लिही. मी थॅचर सरकारच्या पोल टॅक्सवर (माणशी सारखा स्थानिक कर) भर देणार होते, तो स्कॉटलंडमध्ये इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ लाच लावला ना, पण सगळेच तेच लिहितात हो. बंद पडलेल्या खाणी, कारखाने हा मुद्दा जास्त दमदार वाटतो का? की १९७९ ला पण बहुमत होतंच, मग मत बदललं हेच खोडून काढू? एडिनबरा, ग्लासगोला शिकलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.