चेंगदूमध्ये शाकाहारी (अंडंही नाही) कसं राहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मास्टर्ससाठी चेंगदूला आलेय, चीनमधलं सिचुआन. घरी आजोबा माळकरी, त्यामुळे मांसमच्छी सोडाच, अंडंही कधी घरात आलेलं नाही आणि मला इथेही तसंच राहायचंय. म्हणून आधीच सांगते, "अंडं तरी सुरू कर" हा सल्ला प्लीज नको, बाकी काहीही सांगा.

भाज्यांना इथे तोटा नाही. वांगी, फरसबी, कोबी, भोपळा, कमळकाकडी, ढीगभर पालेभाज्या, टोफूचे तर कितीतरी प्रकार, आणि तिखट खायची सवय असेल तर सिचुआनी चव लगेच आवडते. इथलं ते जीभ बधिर करणारं हुआज्याओ म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातलं, वासावरून लगेच ओळखू येतं. अडचण भाजीची नाहीये, ती कशात परतलीय आणि वरून काय घातलंय याची आहे.

कँटीनमधलंच सांगते. सुकी परतलेली फरसबी असते, वर लाल मिरच्या, बघूनच भूक लागते, पण नीट बघितलं तर मधेमधे तपकिरी बारीक कण दिसतात आणि तो असतो डुकराचा खिमा. वाढणाऱ्या मावशींना म्हटलं मांस नको तर त्या बिचाऱ्या डावाच्या टोकाने ते कण एकेक करून बाजूला सारतात आणि उरलेली फरसबी अगदी प्रेमाने ताटात घालतात. त्यांच्या दृष्टीने झालं की शाकाहारी. त्यांचा राग येत नाही, पण मला ते खाता येत नाही आणि मागे रांग लागलेली असते त्यामुळे समजावतही बसता येत नाही. मापो टोफूत खिमा, दानदान नूडल्समध्ये खिमा, वांग्याच्या त्या आंबटगोड भाजीतही बहुतेक वेळा खिमा. आणि जिथे खिमा नाही तिथे चरबी, ऑयस्टर सॉस किंवा चिकन पावडर, ती तर इथे मिठासारखी सगळ्यात पडते.

होस्टेलच्या खोलीत इंडक्शन, हॉटप्लेट चालत नाही, तपासणीत सापडलं की जप्त. मजल्यावर एक कॉमन किचन आहे पण संध्याकाळी तिथे गर्दी असते आणि त्याच कढईत सगळ्यांचं सगळं होतं. दही लावायचा प्रयत्न केला तर थंडीत विरजतच नाही, कारण बेजिंगसारखं सेंट्रल हीटिंग चेंगदूत नसतं, खोली नुसती गारढोण.

पण खरी मदत मला वेगळ्याच गोष्टीसाठी हवीय. आमची लॅब अधूनमधून सरांबरोबर हॉटपॉटला जाते. सगळे उकळत्या रश्शाच्या एका भांड्याभोवती बसून त्यातच शिजवून खातात, आणि त्या लाल रश्शात बैलाची चरबी असते, म्हणजे भाज्या बुडवून खाल्ल्या तरी काय उपयोग. टाळत राहिले तर ही आपल्यात मिसळत नाही असं वाटायचं, आणि ही माणसं खरंच चांगली आहेत हो, कागदपत्रांपासून बँकेपर्यंत सगळीकडे माझ्याबरोबर आली. न दुखावता कसं सांगायचं? चीनमध्ये राहिलेलं कोणी असेल तर सविस्तर लिहा ना.

प्रतिसाद:

ताई, मी चोंगछिंगला होतो, तुमच्या शेजारच्याच शहरात, तिथलं हॉटपॉट तर तुमच्यापेक्षा जास्त चरबीचं. आधी हॉटपॉटचंच. दर माणशी वेगळं छोटं भांडं देणारी दुकानं असतात, पुढच्या वेळी लॅबच्या वीचॅट ग्रुपवर तुम्हीच अशी एक जागा सुचवा, सगळ्यांना चालतं. स्वतःच्या भांड्यात साधं पाणी मागा, मशरूम किंवा टोमॅटोचा रस्सा घेऊ नका, त्यात बऱ्याचदा हाडांचं नाहीतर चिकनचं पाणी असतं. वाटीत तिळाचं तेल, लसूण, कोथिंबीर, व्हिनेगर घालून घ्या, पाण्यात शिजवलेलं पण त्यात बुडवून झकास लागतं. चेंगदूत चरबीऐवजी मोहरीच्या जातीच्या बियांच्या तेलातलंही हॉटपॉट मिळतं, पण तिथेही चिकन पावडर आहे का ते विचारायचंच.

आणि कारण सांगताना "आवडत नाही" किंवा "डाएट" म्हणू नका, मग आग्रह होतो. घरचा धर्म आहे म्हणून सांगा. तिथे बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, कोणाची ना कोणाची आजी पाळत असतेच, त्यामुळे एका वाक्यात समजतं. माझ्या सरांनी तर नंतर स्वतःच माझ्यासाठी वेगळं मागवायला सुरुवात केली.

तुमच्याकडे चेंगदूत वेन्शू नावाचा बौद्ध मठ आहे, मेट्रोच्या लाइन १ वर त्याच नावाचं स्टेशन. मठाच्या शाकाहारी जेवणात कांदालसूणसुद्धा नसतो, आजोबांना फोटो पाठवा. सरांना आणि मित्रांना एकदा तिथे तुम्हीच जेवायला न्या, हे नक्की करा. कँटीनच्या हलाल काउंटरवर डुकराची चरबी नसते एवढंच, पण नूडल्सचं पाणी बीफचं असतं, तेव्हा त्याला शाकाहारी समजू नका.

कँटीनसाठी फोनवर चिनीत एक चिठ्ठी करून ठेवा: मांस, मासे, अंडं, डुकराची चरबी, हाडांचं पाणी, ऑयस्टर सॉस, चिकन पावडर, यातलं काही नको. एखाद्या चिनी मैत्रिणीकडून लिहून घ्या, ॲपचं भाषांतर तिथे कामाचं नाही. आणि ती गर्दीच्या वेळी दाखवू नका, दुपारी दीडनंतर जा आणि जिथे समोर ताजं परतून देतात त्याच काउंटरवर दाखवा, बाकी ठिकाणी तेल आधीच पडलेलं असतं.

तूरडाळ, हळद ताओबाओवर, म्हणजे तिथल्या ऑनलाइन बाजारात, मिळते. अख्खे मूग आणि शेंगदाणे कोणत्याही दुकानात. जिरंही मिळतं, ते लोक कबाबावर घालतात.

दह्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास घ्या. गरम पाण्याने विसळून कोमट दूध घाला, बिनसाखरेच्या योगर्टचं विरजण लावा, झाकण घट्ट, रात्रभर हलवू नका.

धागाकर्ती:

दादा, खूप खूप आभार, वेगळ्या भांड्याचं तर सुचलंच नव्हतं. ग्रुपवर आत्ताच टाकलं, आमच्या सीनियरने लगेच युनिव्हर्सिटीजवळचं एक दुकान पाठवलं आणि सरांनी अंगठा दिलाय. एकच राहिलं, कॉमन किचनमध्ये स्वतःची कढई ठेवली तर बाकीचे वापरतात, आणि खोलीत ठेवायला जागा नाही. कुलूप लावता येईल असा डबा कोणी वापरलाय का, की रोज उचलून आणणं हाच उपाय?