मदत हवी आहे: सागवानी दाराचा मूळ रंग ठेवून वरून काय लावावं?

मंडळी, औशाजवळच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घराचं दार सागवानी आहे. त्यावरचा ऑइल पेंटचा थर रिमूव्हर लावून काढला, मग 80 आणि 120 नंबरचा पॉलिश पेपर मारला. आत काय सुंदर रेषा निघाल्यात! आता त्या झाकायच्या नाहीत. स्टेन (लाकडाचा रंग बदलणारं द्रव्य) नको, चकाकी तर अजिबात नको.

दाराच्या मागच्या बाजूला तीन ठिकाणी करून पाहिलं. उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून लावलं. रंग झकास आला, पण आठवडा झाला तरी हाताला चिकटतंय आणि फुफाटा बसतोय (बहुतेक मीच जास्त चोपडलं, पुसून घ्यायला हवं होतं). लाखेच्या पॉलिशवर पाणी सांडून बघितलं, पांढरा डाग पडला. मिस्त्रींनी मेलामाइन पॉलिश सुचवलं, ते प्लास्टिकसारखं दिसतं, शिवाय ते घरातल्या फर्निचरचं काम.

दार पश्चिमेला आहे. दुपारपासून ऊन, मे महिन्यात पारा 42 च्या घरात, आणि पावसाची झड थेट खालच्या फळीवर. चौकट दगडात बसवलेली, त्यामुळे दार काढून नेता येत नाही. नक्षी आहे, स्प्रे मशीन नाही, सगळं ब्रशनेच करायचंय.

बाहेरच्या कामाचं मॅट पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर पारदर्शक थर देणारं पॉलिश) लावावं, की तेलच पातळ हातानं देऊन दरवर्षी पुन्हा लावत राहावं? उन्हात पीयूचे पापुद्रे निघाल्याचा कुणाला अनुभव आहे का? आणि तेल लावलेल्या भागावर पीयू धरेल, की आधी ते पूर्ण घासून काढावं लागेल?