शेकरूने की शेकराने?

गेल्या आठवड्यात दाजीपूरला जाऊन आलो. पोरीनं निबंधात लिहिलं, "शेकरूने उडी मारली." बाईंनी लाल शाईनं 'शेकराने' केलं आणि अर्धा मार्क कापला. घरात दोन तट पडलेत. कोण बरोबर?

—

बाई बरोबर. लेकरू-लेकराने, पाखरू-पाखराने, कोकरू-कोकराने. शेकरू त्याच माळेतलं. ते शेकरू, ती शेकरं. 'शेकरू दिसला' तर कानाला टोचतंच. गंमत बघा, या माळेतली बाकीची सगळी चिमुकली. हे मात्र आपल्याकडच्या खारींत सगळ्यांत थोराड. वजन दोन किलोच्या घरात, शेपूट अंगापेक्षा लांब.

—

दादा, व्याकरण मान्य. पण तो पेरू, पेरूला. 'पेराला' कुणी म्हणतं का? राज्यप्राणी म्हणून शेकरू पाठ्यपुस्तकात आलं, तिथूनच ज्यांनी शब्द उचलला त्यांच्या तोंडी 'शेकरूला' बसलंय. अर्धा मार्क कापण्याएवढं काही नाही.

—

पेरू पुल्लिंगी आहे ताई, तिथंच फरक पडतो.

—

मूळ प्रश्न माझाच. आता आठवलं, आमचा वाटाड्या शेंड्याकडं बोट करून म्हणाला होता, "त्या तिन्ही शेकराच्याच घरट्या हायत, एकाच्याच." एकच जनावर चार-दोन घरटी बांधून ठेवतं म्हणे. म्हणजे जंगलातही 'शेकराच्या'च! नंतर ते दिसलंही. आडव्या फांदीवर बसलेलं, पुढच्या दोन पायांत फळ, शेपूट मागं सरळ खाली सोडलेलं, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखं. पंधरा मिनिटांत जमिनीकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही.

—

आमच्या रंकाळ्याच्या बाजूला साधी पट्ट्यांचीच खार. दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याचे धागे ओढून नेते. हाकललं की भिंतीवर चढून चिरचिरते, आणि प्रत्येक 'चिर'ला शेपटीचा एक झटका. घाट उतरून कोकणात गेलं की तिलाच 'चानी' म्हणतात. अनेकवचनाचं मात्र अवघड आहे. "सकाळी अंगणात चार खारी होत्या" म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मग चहाबरोबर का नाही आणल्या?"

—

जाता जाता, 'उडती खार' हे नावही तपासा. ती उडत नाही. रात्री पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी ताणून उंच झाडावरून खालच्या झाडावर तरंगत जाते. 'तरंगती खार' म्हणायला काय हरकत आहे?

—

तरंगती म्हटलं की मला रंकाळ्यातली बदकं दिसतात. उडतीच राहू द्या.