लाज त्याची, ओशाळतो आपण
समोरचा लाजला की आपला मेंदू त्याची लाज जशीच्या तशी उचलतो, हे मत अपुरे वाटते. जर्मनीतील मारबुर्गच्या संशोधकांनी २०११ मध्ये फजितीचे प्रसंग रेखाचित्रांतून दाखवले, तेव्हा फजिती झालेल्याला तिचा पत्ता नसला तरी पाहणारे ओशाळलेच. मेंदूत अँटिरिअर सिंग्युलेट आणि डाव्या इन्शुलाचा पुढचा भाग हे वेदना-भावनांशी जोडलेले दोन भाग सक्रिय झाले; दुसऱ्याची शारीरिक वेदना पाहतानाही तसेच होते. समजा, भाषण रंगात आले आहे आणि वक्त्याच्या पँटची चेन उघडी आहे. त्याच्या गालांवर लालीचा मागमूस नाही, तरी कानकोंडे होऊन मान आपणच खाली घालतो. इथे उचलायला लाजच नाही. ‘लोक काय म्हणतील’ हा हिशेब मेंदू त्या बिचाऱ्याच्या वतीने परस्पर करतो. अर्थात हेच भाग इतर भावनांतही सक्रिय होतात, त्यामुळे त्यांना लाजेचे केंद्र म्हणता येणार नाही.