काळी चार म्हणजे गिटारवर काय? मदत हवी आहे, शनिवारच्या आत

सहावी_तार
घोडबंदरला आमच्या सोसायटीत शनिवारी कोजागिरी आहे. त्यात एका अभंगाला मी गिटार वाजवतोय. गाणाऱ्या काकूंना पट्टी विचारली, म्हणाल्या काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). काळी चार म्हणजे जी शार्प असं नेटवर मिळालं. म्हणून पहिल्या फ्रेटला (पडद्याला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून जी, ई मायनर, सी, डी हे कॉर्ड वाजवतो. जुळत नाही. कॅपो कुठे लावू एवढंच सांगा, प्लीज थिअरीचं लेक्चर नको.

बारकॉर्ड_बंडू
काळी चार म्हणजे ए शार्प ना? तिसऱ्या फ्रेटला लावा, विषय संपला.

पेटीमास्तर
नाही हो बंडूशेठ. पेटीवर पांढरी एक म्हणजे सी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प. मग ई आणि एफच्या मध्ये काळी नसतेच, तिथेच सगळे गडबडतात. काळी तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. गिटारचं एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, जीवरून एक चढलं की जी शार्प. धागाकर्त्याचा हिशेब बरोबर आहे, अडलंय दुसरीकडेच. अभंग कोणता? कॉर्ड कुठून घेतलेत?

सहावी_तार
चाल काकूंनी स्वतः लावलेली आहे, नेटवर मिळणार नाही. कॉर्ड आमच्या गिटारच्या सरांनी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून दिले. म्हणाले, बोटांचे हे चार आकार धर, त्यांची पट्टी विचार आणि त्याप्रमाणे कॅपो लाव. सर गावी गेलेत, फोन लागत नाही. कॅपो कुठे??

नेरूळचा_निवांत
आधी गिटार सुरात आहे का ते बघा. आणि जुनी पेटी असेल तर ती ४४०लाच (ट्यूनर ज्यावर चालतो त्या ठरलेल्या सुराला) असेल असं काही नाही. आमच्या इथल्या भजनी मंडळाची पेटी इतकी चढी आहे की तिच्याबरोबर वाजवायचं तर मी ट्यूनर खिशात ठेवतो आणि कानाने तारा लावतो.

सहावी_तार
गिटार ट्यूनरवर लावलेली आहे. पेटीची काळी चार दाबून पण बघितली, ट्यूनर जी शार्पच दाखवतो. हिरवा दिवा.

काटकसर_काकू
तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या) आहेत? नवशिक्यांना दुकानदार ०.०१२ चा सेट चिकटवतात आणि मग बोटं सोलवटतात. ०.०१० चा घ्या. माझ्या मुलाने तारा बदलल्यावरच त्याची गिटार मार्गी लागली.

सहावी_तार
तारांचा प्रश्न नाहीये.

चरईकर
मुळात अभंगाला गिटार कशाला? टाळ, पखवाज, पेटी असताना? गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून बसवलेले असतात. त्यातला शुद्ध गंधार (सापासून तिसरा स्वर) तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. जुळत नाही म्हणता ते यामुळेच.

पेटीमास्तर
मग पेटीचा गंधारही तेवढाच चढा, ती कशी चालते तुम्हाला? हा आक्षेप आकाशवाणीने १९४० सालीच घेऊन झाला. पेटीला बंदी होती, १९७१मध्ये ती सैल झाली. तोवर गावोगावच्या भजनात पेटी वाजतच होती. आणि १४ सेंटांनी कोणी "जुळत नाही" म्हणून धागा काढत नाही.

बारकॉर्ड_बंडू
विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं ते गिटारवरच की.

चरईकर
ती मोहनवीणा. तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा आहेत तिला, मांडीवर आडवी घेऊन सळईने वाजवतात, पडद्यावर बोट दाबतच नाहीत. उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत, आभारी आहे.

सहावी_तार
तुमचं भांडण झालं की माझ्याकडे बघा. आज रात्री प्रॅक्टिस आहे.

अनुस्वार
"जुळत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? चारही कॉर्ड बेसूर लागतात की काहीच?

सहावी_तार
जीने सुरुवात केली की अर्धवट वाटतं, पुढे काहीतरी यायचं राहिलंय असं. सी धरला की एकदम छान. डी धरला की काकू वळून बघतात.

अनुस्वार
आता कुठे धागा लागला. इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावतात का? त्यात पंचम (पाचवा स्वर) वाजतो की मध्यम (चौथा)?

सहावी_तार
डबी असते एक, वाजत असते. पंचम-मध्यम मला कळत नाही.

अनुस्वार
हरकत नाही. आज पेटीवाल्यांना एकच विचारा. ध्रुवपद संपून काकू थांबतात तेव्हा त्यांचं बोट कुठल्या पट्टीवर असतं?

सहावी_तार
विचारलं. काळी एक. वर म्हणाले, "मध्यमात आहे ना ते, सांगितलं नाही का कोणी?" नाही सांगितलं!

अनुस्वार
झालं तर. काकूंनी पट्टी खरीच सांगितली, त्यांचा सा काळी चारच आहे. पण ही चाल त्या मध्यमाला सा मानून गातात. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, सी शार्प. गाणं तिथे येऊन विसावतं, म्हणून गिटारवाल्याची 'की' (मूळ सूर) सी शार्प. सरांनी दिलेले चार कॉर्ड म्हणजे मूळ सुरापासून मोजून एक, सहा, चार, पाच हा क्रम. त्यातला 'एक' तुम्ही जी शार्पवर ठेवलात, जो या गाण्यात 'पाच' आहे. पाचावरून घरी यायची ओढ लागते, ते तुमचं अर्धवट वाटणं. पहिल्या फ्रेटला कॅपो असताना सीचा आकार म्हणजे सी शार्प, तो छान लागणारच.

पेटीमास्तर
आणि काकू डीला का वळतात तेही लिहून ठेवा. कॅपोसकट तो डी शार्प मेजर होतो, त्यात पांढरी पाच येते. गाण्यात लागते काळी तीन. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यावर कोणीही वळून बघेल. सी शार्पवरून मोजलं तर पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम, काकूंच्या चालीत तो नाहीच.

सहावी_तार
थिअरी नको म्हटलं होतं तरी हे कळलं. पण कॅपो????

अनुस्वार
कॅपो आहे तिथेच, पहिल्या फ्रेटला. आकार बदला: जीच्या जागी सी, ई मायनरच्या जागी ए मायनर, सीच्या जागी एफ, डीच्या जागी जी.

बारकॉर्ड_बंडू
नवशिक्याला शनिवारपर्यंत एफ? अहो, त्याच्यापायी निम्मी मुलं गिटार सोडतात. सहाव्या फ्रेटला कॅपो लावा आणि तुमचे जी, ई मायनर, सी, डीच वाजवा. जीवरून सहा अर्धे स्वर चढलं की सी शार्पच येतो. काही नवीन शिकायला नको.

अनुस्वार
सहाव्या फ्रेटला गिटार मँडोलिनसारखी किणकिणते, खालचा भरीव आवाज जातो. पूर्ण एफ नको असेल तर जाड दोन तारा सोडून बाकीच्या चारच धरा, छोटा एफ म्हणतात तो. पहिलं बोट फक्त सर्वांत पातळ दोन तारांवर आडवं.

पेटीमास्तर
पेटी खालच्या सप्तकात भरते आहेच. किणकिण वेगळी उठून दिसेल. इथे मी बंडूशेठच्या बाजूने.

चरईकर
एकदाचं एकमत झालं. तरीही पखवाजाच्या जवळ बसू नका, ऐकूच येणार नाही.

सहावी_तार
सहाव्यावर लावून बघितलं, जुळलं. पण कॅपो घट्ट केला की जाड तार चढी बोलते.

नेरूळचा_निवांत
कॅपो दोन फ्रेटच्या पट्ट्यांच्या मधोमध नाही, फ्रेटच्या पट्टीला मागून चिकटून लावा, कमी दाबात काम होतं. आणि कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा. तेव्हा ट्यूनरवर ई, ए, डी शोधू नका, सहा अर्धे स्वर वर म्हणजे ए शार्प, डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ, ए शार्प दिसायला हवं.

सहावी_तार
ओके. आणि दुसरं गाणं काका गाणार आहेत, पांढरी दोन म्हणाले. कॅपोशिवाय डी ना?

अनुस्वार
डी, जर ते सावर थांबत असतील तर. विचारून घ्या.

काटकसर_काकू
कॅपो केवढ्याला पडला?